सुई की गोळी? वजन आणि शुगरच्या नव्या औषधांचा रमजानमधला हिशेब

२०२६ चा रमजान आणि सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत, दोन्हींचा शेवट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही ईदनंतर औषधाच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या अनेक घरांना या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागेल. वजन आणि मधुमेह या दोन्हींवर काम करणारे हे औषध आजवर श्रीमंतांचे मानले जात होते. पण डॉ. रेड्डीज, सन, झायडस यांसारख्या भारतीय कंपन्यांनी आपापली सेमाग्लुटाइड घेऊन बाजारात उतरण्याची तयारी केली होती. औषध स्वस्त झाले की ते मागणाऱ्यांची संख्या वाढते. मागताना पहिला प्रश्न येतो तो हा की सुई घ्यावी की गोळी? रोजे ठेवणाऱ्यांसाठी त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. रोजात काय चालेल?

कोल्हापूरकरांना वजनाचे वावडे कधीच नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, तेव्हापासून या शहरात भरलेले अंग म्हणजे कमावलेले अंग असा सरळ हिशेब होता. तालमीत हिंदू-मुसलमान दोघांची पोरे एकाच लाल मातीत घुमली. बदामाची थंडाई, तूप, म्हशीचे धारोष्ण दूध हा खुराक जोर-बैठकांत जिरून जायचा. पुढे तालीम सुटली, खुराक मात्र राहिला. गंगावेशीचा दूध कट्टा, तांबडा-पांढरा रस्सा, भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ हे सगळे आजही ताटात आहे. फरक इतकाच की खाणारा आता दुकानाच्या गल्ल्यावर, रिक्षात किंवा संगणकासमोर बसून असतो. रमजानमध्ये त्यात इफ्तारची भर पडते. दिवसभर पोट रिकामे आणि मगरिबनंतर समोसे, कबाब, मालपोवा, फालुदा. महिनाभर रोजे ठेवून काहींचे एक-दोन किलो वजन उतरते, पण ईदनंतर काही आठवड्यांत ते बहुधा परत येते. काहींचे तर रमजानमध्येच वाढते.

वजनकाट्यावर न दिसणारी चरबी

आपल्याकडे प्रश्न केवळ जाड दिसण्याचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातील चरबी मोजल्यावर युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचा असू शकतो, ही गोष्ट त्या एका फोटोने जगाला समजावून सांगितली. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की धोक्याची घंटा समजायची.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटावर चरबी असलेल्यांचे प्रमाण जवळपास ४० टक्के आहे. म्हणजे दस्तरखानावर दहा प्रौढ माणसे बसली असतील, तर त्यांतल्या चौघांच्या पोटाचा घेर डॉक्टरांना काळजीत टाकणारा आहे.

दोन मिनिटांच्या संप्रेरकाची गोष्ट

ही नवी औषधे काय करतात, ते आधी समजून घेऊ. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठरातले अन्न सावकाश पुढे सरकवते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. अडचण अशी की हे नैसर्गिक संप्रेरक शरीरात जेमतेम दोन मिनिटे टिकते. निरोप पोहोचतो न पोहोचतो तोच निरोप्या गायब होतो.

तो टिकवायचा कसा, यावर शास्त्रज्ञांनी काही दशके घालवली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील डॉ. जॉन इंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ शी साम्य असलेला, पण बराच वेळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून तयार झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्याच जीएलपी-१ ला चरबीच्या रेणूची शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला धरून राहते, त्यामुळे औषध लवकर मोडत नाही. आधी रोज घ्यायचे लिराग्लुटाइड आले आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइड. या कामासाठी क्नुडसेन यांना जोएल हॅबनर आणि स्वेतलाना मोय्सोव्ह यांच्यासह २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

सरड्याचे नाव निघाले की हलाल-हरामची शंका मनात येणे साहजिक आहे. सेमाग्लुटाइडचा सरड्याशी काही संबंध नाही. मूळ कंपनी ते यीस्टच्या मदतीने तयार करते. तिर्झेपाटाइड हे दुसरे औषध प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनवले जाते. ते जीएलपी-१ सोबत जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचेही काम करते.

सुईच्या बाजूने

आकड्यांपुरते बोलायचे तर आज सुई पुढे आहे. मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅमच्या साप्ताहिक इंजेक्शनने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले. औषधाशिवाय, केवळ आहार-व्यायामाच्या सल्ल्यावर असलेल्या गटात ही घट २.४ टक्के होती. तिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट दिसली. शंभर किलोच्या माणसाचे ऐंशी किलो, असा त्याचा अर्थ.

मात्र मधुमेह असलेल्यांत हे आकडे खाली येतात. सेमाग्लुटाइडच्या त्याच डोसने मधुमेहींचे वजन सरासरी ९.६ टक्केच घटले. जाहिरातीतला पंधरा-वीसचा आकडा ऐकून मधुमेही माणूस सुई घेतो आणि निराश होतो, त्यामागचे कारण हे आहे. औषध फसवे नसते, आकडा दुसऱ्यांचा असतो.

वजनापलीकडचा फायदा महत्त्वाचा आहे. हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवरील चाचणीत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले.

भारतात तिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ या नावाने आले, तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत सुरुवातीच्या डोससाठी ३,५०० रुपये आणि पुढच्या डोससाठी ४,३७५ रुपये होती. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ या नावाने आले. त्याची सुरुवात महिन्याला सतरा हजारांपुढे होती. नोव्हेंबरमध्ये कंपनीने किंमत बरीच उतरवली, तरी सर्वांत छोट्या डोसचा महिना दहा हजारांच्या वरच राहिला. डिसेंबरमध्ये मधुमेहासाठीचे ‘ओझेम्पिक’ही आले.

खर्चाखेरीज सुईची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे थंडावा. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरायला काढल्यावर ते ठरावीक दिवस बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. मार्चमध्ये कोल्हापूरचा पारा दुपारी याच्या पुढे जातो. दुचाकीच्या डिकीत पडलेले पेन किंवा ईदला गावी नेताना एसटीच्या खिडकीशी तापलेली पिशवी, दोन्हींत औषध वाया जाऊ शकते. उलट, बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेले पेनही टाकून द्यावे लागते.

गोळीच्या बाजूने

सुई टोचून घ्यायची भीती अनेकांना असते. तिला लाजही चिकटलेली असते, कारण आपल्याकडे ‘सुई सुरू झाली’ म्हणजे ‘आजार हाताबाहेर गेला’ असे समजण्याची पद्धत आहे. त्यामुळे सेमाग्लुटाइडची गोळी आली तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अमेरिकेत ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि भारतात जानेवारी २०२२ पासून ‘रायबेल्सस’ या नावाने मिळते. येथे ती टाइप-२ मधुमेहासाठी आहे, केवळ वजन उतरवण्यासाठी नाही.

गोळी बनवणे सोपे नव्हते. सेमाग्लुटाइड हा प्रथिनासारखा रेणू आहे. तो पोटात गेला की डाळीतल्या प्रथिनासारखा पचून जातो. इन्सुलिनची गोळी शंभर वर्षांत घरोघरी पोहोचली नाही, तेही याच कारणाने. म्हणून या गोळीत एक मदतनीस रसायन घातले आहे. ते जठराच्या भिंतीजवळ आम्लता थोडा वेळ कमी करून औषध आत शिरायला वाट करून देते. एवढे करूनही गोळीतले जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोहोचते. साधा हिशेब करा. १४ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तर आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध पोटात जाते. त्याच मधुमेहासाठी इंजेक्शनने आठवड्याला एक मिलिग्रॅम पुरते.

वाट इतकी अरुंद असल्यामुळे गोळीचे नियम कडक आहेत. ती रिकाम्या पोटी घ्यायची. सोबत अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि तेही साधे पाणी. चहा किंवा दूध चालत नाही. त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचे नाही, प्यायचे नाही, दुसरी गोळीही घ्यायची नाही. नियम मोडला तर अपाय होत नाही, पण औषध जवळजवळ फुकट जाते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रियांची इथे पंचाईत होते, कारण ती गोळीही रिकाम्या पोटीच घ्यायची असते. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्याव्यात.

गोळीचा गुण कमी समजू नये. मधुमेहींवरील एका चाचणीत १४ मिलिग्रॅमच्या गोळीने २६ आठवड्यांत वजन सरासरी ४.४ किलोने घटले. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ९,६५० मधुमेहींवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यांत गोळीने हृदयाच्या गंभीर घटना १४ टक्क्यांनी कमी केल्या. वजनासाठीची २५ मिलिग्रॅमची मोठी गोळी डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिच्या चाचणीत ६४ आठवड्यांत सरासरी १३.६ टक्के घट दिसली होती, म्हणजे इंजेक्शनच्या बरेच जवळ. ऑर्फोरग्लिप्रॉन ही आणखी एक गोळी प्रथिनासारखी नसल्याने तिला रिकाम्या पोटाची आणि अर्ध्या तासाची अट लागत नाही. सुई आणि गोळी यांच्यातले अंतर पुढच्या काही वर्षांत आणखी कमी होणार, हे यावरून दिसते.

रोजा आणि औषधाची वेळ

आता रमजानचा प्रश्न. इंजेक्शनने रोजा तुटतो का? जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ च्या अधिवेशनात स्पष्ट केले की त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत दिलेले, पोषण न करणारे इंजेक्शन रोजा तोडत नाही. आपल्याकडचे बहुतेक उलमाही हेच सांगतात. तरीही मनात खळखळ राहत असेल तर साधा मार्ग आहे. साप्ताहिक इंजेक्शनला जेवणाची अट नसते, ते इफ्तारनंतर रात्री कधीही घेता येते. ठरलेला दिवस चुकला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि तिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत घेता येते. बोट टोचून शुगर तपासल्यानेही रोजा तुटत नाही. ही तपासणी टाळू नये.

गोळीची गोष्ट मात्र उलटी आहे. तिला रिकामे पोट लागते आणि रमजानमध्ये दिवसभर पोट रिकामेच असते, पण तोंडाने घेतलेल्या गोळीने रोजा तुटतो. म्हणून दोनच वेळा उरतात. इफ्तारला गोळी आणि घोटभर पाणी घेऊन रोजा सोडला तर खजुरासाठी अर्धा तास थांबावे लागते. तोवर मगरिबची नमाज होते, पण तेरा तासांच्या उपवासानंतर समोर दस्तरखान मांडलेला असताना थांबणे सर्वांना जमत नाही. दुसरी वेळ सहरीची. जेवणाआधी अर्धा तास उठून गोळी घ्यायची आणि मग सहरी करायची. तरावीहनंतर उशिरापर्यंत खाणे चालले असेल तर सहरीलाही पोट पुरते रिकामे नसते. थोडक्यात, गोळी चालते, पण घराची दिनचर्या तिच्याभोवती बांधावी लागते. महिनाभर हे जमणार नसेल तर डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.

सुई आणि गोळी या दोन्हींना लागू पडणारी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. जीएलपी-१ औषध एकटे असेल तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती कमी असते. पण आपल्याकडच्या बऱ्याच मधुमेहींच्या डब्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीपासून असते, काहींना इन्सुलिनही असते. ही औषधे खाल्ले-न खाल्ल्याची वाट न पाहता शुगर उतरवतात. समजा, घरातल्या पन्नाशीच्या खाला ग्लिमेपिराइड घेतात. नवे इंजेक्शन सुरू झाले, भूक मेली, सहरीला दोन घास खाल्ले, वर रोजा ठेवला आणि जुनी गोळी मात्र त्याच डोसने चालू राहिली. असरच्या सुमाराला घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. घरातले म्हणतात, रोजा लागला. खरे तर शुगर उतरलेली असते, आणि त्या वेळी गप्प पडून राहणे जिवावर बेतू शकते.

हा धोका कागदावरचा नाही. २००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. टाइप-२ च्या ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा रोजे ठेवले होते. त्यांच्यात शुगर गंभीर उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये एरवीच्या साडेसात पट झाले. जुन्या गोळ्यांचा डोस रमजानपुरता कमी करणे, वेळ बदलणे हे त्यासाठीच असते. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका सांगते. आजाऱ्याला रोजाची सवलत दीनने दिलेली आहे. बरे झाल्यावर कजा आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया, असा मार्ग मोकळा आहे. सवलत नाकारून आजार वाढवणे ही इबादत नव्हे, असे जाणते आलिम वारंवार सांगत आले आहेत.

ईदपर्यंत बारीक होण्याचा हट्ट

दोन्ही प्रकारची औषधे लहान डोसने सुरू होतात. सेमाग्लुटाइडचा ०.२५ मिलिग्रॅमचा आणि तिर्झेपाटाइडचा २.५ मिलिग्रॅमचा पहिला डोस चार आठवडे चालतो. त्याचा हेतू वजन उतरवणे हा नसतोच, पोटाला सवय व्हावी हा असतो. म्हणजे पहिल्या रोजाला सुरू केले तरी ईदच्या शेरवानीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. उलट मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास सुरुवातीला आणि डोस वाढवताना अधिक होतात. तहानेच्या दिवसांत उलट्या-जुलाब झाले तर शरीरातले पाणी घटते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून औषध रमजानच्या बऱ्याच आधी सुरू करून डोस स्थिर झालेला असावा, नाहीतर ईदनंतर सुरू करावे. रमजानच्या मध्यात डोस वाढवू नये.

पित्ताशयातले खडे, क्वचित स्वादुपिंडाचा दाह, आधीच्या डोळ्यांच्या त्रासात भर, असे इतर धोकेही आहेत. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग असेल तर ही औषधे घ्यायची नाहीत. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. तिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना औषधाची कल्पना द्यावी, कारण जठरात अन्न जास्त वेळ राहते.

वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. भूक मारणारी सिब्युट्रामिन एके काळी सर्रास दिली जात होती. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये ती अमेरिकेतून मागे घेतली गेली आणि २०११ मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. नवी औषधे तिच्या तुलनेत कितीतरी अधिक तपासली गेली आहेत. पण चिठ्ठीशिवाय, फोनवरून, ओळखीच्या ओळखीतून आलेल्या पेनमध्ये काय आहे, हे कोणीच तपासलेले नसते.

औषध थांबले की

जाहिरातीत न सांगितली जाणारी बाब म्हणजे औषध थांबल्यावर काय होते. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला, असे पाठपुराव्यात दिसले. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढते, तसेच हे आहे. तीन महिन्यांपुरते पैसे जमवून कोर्स करण्याचे हे औषध नव्हे. तीन महिन्यांनी पैसे संपतात आणि वर्षभराने वजन जागेवर येते.

दुसरी बाब स्नायूंची. घटलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा ते चाळीस टक्के वाटा चरबीचा नसून स्नायू आणि इतर पेशींचा असू शकतो. आधीच चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीराला हे परवडणारे नाही. इथे कोल्हापूरच्या तालमीचा धडा कामाला येतो. खुराकाला मेहनतीची जोड हवी. भूक कमी झाली असताना जे दोन घास जातील त्यांत अंडे, मासा, डाळ, दही, चिकनचा भाजलेला तुकडा असावा. फालुदा नंतर. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा किंवा बैठकांचा व्यायाम, रंकाळ्याची एक फेरी आणि रमजानमध्ये वीस रकात तरावीह. मधुमेहाच्या मार्गदर्शिकाही तरावीहला शारीरिक व्यायामात धरतात.

खिशाचा प्रश्न

पेटंट संपल्यावर किंमत किती उतरेल, याचा अंदाज ताज्या उदाहरणावरून बांधता येतो. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले. साठ रुपयांच्या घरातली गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आसपास आणली. सेमाग्लुटाइड बनवणे आणि पेनमध्ये भरणे अधिक किचकट आहे, पण दिशा तीच असेल. तिर्झेपाटाइडचे पेटंट मात्र अजून बरीच वर्षे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. ती मधुमेहासोबत लठ्ठपणा आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी आहे. सडपातळ दिसण्यासाठी नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधे आली तर ती कोणाला आधी मिळावीत, याचे उत्तर त्या यादीत आहे.

तोपर्यंत ज्यांना नवे औषध परवडत नाही, त्यांनी स्वतःला कमनशिबी समजू नये. मेटफॉर्मिन ही जुनी गोळी स्वस्त आहे, सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयांत आणि जनऔषधी केंद्रांत मिळते. एकटी घेतली तर ती शुगर खाली पाडत नाही आणि रमजानमध्ये इफ्तार-सहरीला विभागून घेता येते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, वजन थोडे उतरवतात आणि हृदय-मूत्रपिंडाला आधार देतात. त्या रमजानमध्ये इफ्तारला घ्याव्यात आणि इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यावे. त्याही ऐन रमजानमध्ये नव्याने सुरू करू नयेत.

मग सुई की गोळी? ज्याचे वजन बरेच जास्त आहे, हृदयाला धोका आहे, वर्षानुवर्षे खर्च पेलता येतो आणि घरात फ्रिज आहे, त्याच्यासाठी आज सुईचे पारडे जड आहे. ज्याला मधुमेह आहे, सुईची धास्ती आहे आणि रोज पहाटे अर्धा तास पाळता येतो, त्याला गोळी पुरेशी ठरू शकते. ज्याची शुगर मेटफॉर्मिन आणि चालण्याने आटोक्यात आहे, त्याला या घडीला दोन्हींची गरज नसेल.

ईदनंतर नवी, स्वस्त पेने दुकानांत दिसू लागली की गर्दी होईल. दुकानात जाण्याआधी दवाखान्यात जावे. सोबत औषधांचा आख्खा डबा न्यावा, तीन महिन्यांच्या शुगरचा एचबीए१सी अहवाल न्यावा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. हे मला किती वर्षे घ्यावे लागेल? जुन्या गोळ्यांतली कोणती कमी करायची? पुढच्या रमजानला वेळा कशा बदलायच्या? तिन्ही उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवावा. घरातल्या कोणाला असरच्या वेळी घाम फुटला, तर काय करायचे हे शोधत बसावे लागणार नाही.